जात्याचा खुंटा कोण धरणार?

२०२५ सालच्या आषाढी एकादशीस, म्हणजे ६ जुलै रोजी, दिल्लीतील एका सभागृहात पुंडलिकाच्या मातृपितृभक्तीवर प्रवचन झाले. रविवार असल्यामुळे सभागृह भरले होते. निरनिराळ्या सरकारी वसाहतींतून, बदलीवर आलेली आणि बदलीची वाट पाहणारी आपली मंडळी सहकुटुंब जमली होती. बुवांची वाणी रसाळ, पाठांतर दांडगे आणि उपासाच्या खिचडीची व्यवस्थाही निर्दोष. शेवटी बुवांनी विषय आजच्या काळावर आणला. ज्यांच्या घरी आईबाप अंथरुणास खिळले आहेत अथवा भ्रमिष्ट झाले आहेत ते भाग्यवंत होत, कारण पंढरीच त्यांच्या घरी चालून आली आहे, असे त्यांनी सांगितले. आणि अशी सेवा करताना ज्यास थकवा वाटतो त्याच्या सेवाभावातच कोठे तरी उणे आहे असे समजावे, असेही वर सांगितले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या आम्हीही वाजवल्या. आमच्या शेजारी बसलेल्या आमच्या पत्नीने वाजवल्या नाहीत. परतताना रिक्षात ती एवढेच म्हणाली, "उणे आहे म्हणतात ते खरेच असेल. पण आज चार वर्षांनी मी तुमच्याबरोबर घराबाहेर पडले, ती या बुवांमुळे नाही."

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आमच्या मातोश्रींस डिमेन्शिया होऊन चार वर्षे लोटली. त्या संध्याकाळी आम्ही दोघे प्रवचनास जाऊ शकलो, याचे कारण शेजारच्या पंजाबी बाई दोन तास आईजवळ येऊन बसल्या होत्या. या बाईंस मराठीचे दहा शब्द येतात: बसा, पाणी, झोपा, आली, येते, असे. पुंडलिक कोण हे त्यांस ठाऊक नाही. आम्ही परतलो तेव्हा त्यांनी आईपुढे डाळीचे ताट ठेवले होते, आई मन लावून डाळ निवडीत होती, आणि निवडलेली डाळ त्या बाई हळूच पुन्हा ताटात मिसळून देत होत्या. अध्यात्म त्या दिवशी कोठे घडले, सभागृहात की आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनातून जात नाही. प्रस्तुत लेख त्या प्रश्नासाठी आहे. तो कोणा एका बुवांविरुद्ध नाही. टाळ्या वाजवणाऱ्या आपणा सर्वांविरुद्ध आहे, आणि त्यांत आम्ही पहिले.

प्रथम रोगाविषयी दोन शब्द, कारण अज्ञानाच्या पायावरच हे सारे उपदेश उभे असतात. 'साठी बुद्धी नाठी' या म्हणीने आपल्या समाजाचे फार नुकसान केले आहे. वय झाले की थोडा विसर पडतो हे खरे. परंतु चष्मा कोठे ठेवला हे विसरणे निराळे आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणे निराळे. दुसरा प्रकार वार्धक्याचा नव्हे, मेंदूच्या रोगाचा आहे. त्या रोगसमूहास डिमेन्शिया म्हणतात आणि अल्झायमरचा रोग हा त्यांतील सर्वांत अधिक आढळणारा प्रकार होय. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याचे पहिले वर्णन केले. त्यांची ती रुग्ण स्त्री, आउगुस्टे डेटर, १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात आली तेव्हा अवघी एक्कावन्न वर्षांची होती. तिचा नवरा रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. आजाराच्या आरंभी तिने त्याच्यावर नाही नाही ते संशय घेतले, आणि पुढे रुग्णालयाचा खर्च त्यास झेपेनासा झाला. वैद्यकाच्या इतिहासाने वैद्याचे नाव रोगास दिले, रुग्ण स्त्रीचेही नाव जपले. त्या कारकुनाचे काय झाले असेल हे विचारण्याचे कोणास सुचले नाही. आम्ही स्वतः कारकून असल्यामुळे असेल, आम्हांस तो प्रथम दिसतो.

आपल्या देशापुरते बोलायचे तर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अखिल भारतीय पाहणीच्या अनुमानानुसार साठी गाठलेल्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख माणसांस डिमेन्शिया आहे. रोग मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. नवी औषधे आरंभीच्या अवस्थेत त्याची गती काहीशी मंद करतात, एवढेच. म्हणजे ८८ लाख घरांच्या आसपास कोणी तरी एक माणूस, आणि ते माणूस बहुधा स्त्री, आज रात्री झोपेतून तीनदा उठणार आहे. ती पत्नी असेल, लेक असेल, सून असेल. तिच्या मनास आधार द्यायचा तर काय द्यायचे, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नास आम्ही मुद्दाम आध्यात्मिक प्रश्न म्हणतो. केवळ औषधपाण्याचा आणि पैशाचा हा प्रश्न असता तर आम्ही या मासिकाची पाने अडवली नसती. आपल्या धर्मशास्त्राने मेलेल्या माणसासाठी तेरा दिवसांची व्यवस्था लावून दिली आहे. लोक येतात, बसतात, पिठले-भाकरी आणून देतात, रडू देतात, आणि तेराव्या दिवशी 'आता कामाला लागा' असे सांगतात. त्या व्यवस्थेत मोठे शहाणपण आहे. परंतु जे माणूस समोर बसले आहे, जेवते आहे, श्वास घेते आहे, आणि तरीही दररोज थोडे थोडे निघून चालले आहे, त्याच्यासाठी कोणते सुतक? पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन विदुषीने अशा दुःखावर १९९९ साली ग्रंथ लिहिला. माणूस आहे आणि नाहीही, अशा संदिग्ध वियोगाचे ते दुःख. त्यास शेवट नसल्यामुळे त्याचा शोकही पुरा होत नाही. आमच्या आईने एका सकाळी आमच्या पत्नीस अत्यंत अदबीने विचारले, "बाई, तुम्ही कुठल्या?" चौदा वर्षांची सून त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडली. भेटीस कोणी आले नाही, कारण काही घडलेच नव्हते!

आणि याहून कठीण गोष्टी आहेत. 'माझ्या पाटल्या हिने चोरल्या' असे आई येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगते. त्या पाटल्या १९९८ साली वडिलांच्या आजारपणात मोडल्या होत्या. हा संशय रोगाचे लक्षण आहे हे पत्नीस पाठ आहे. तरीही ज्या हातांनी आताच आपण न्हाऊ घातले त्याच हातांनी बोट दाखवावे आणि चोर म्हणावे, हे ऐकून संताप येतो. संतापानंतर पश्चात्ताप येतो. आणि एखाद्या रात्री, तिसऱ्यांदा चादर बदलताना, 'देवा, हिला सोडव' असे शब्द मनात उमटतात. हिला म्हणजे नक्की कोणास, हे त्या क्षणी उमटवणाऱ्यासही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी देवापुढे दिवा लावताना ते मनुष्य देवाच्या डोळ्यास डोळा देऊ शकत नाही. ज्यास आध्यात्मिक संकट म्हणावे ते हेच. मूर्ख मनुष्यासच ते केवळ थकवा वाटेल.

या संकटात सापडलेल्या माणसास आपण काय देतो? गेल्या चार वर्षांत आमच्या घरी आलेल्या सांत्वनाचे आम्ही तीन वर्ग करू शकतो.

पहिला वर्ग प्रारब्धवाद्यांचा. मागच्या जन्मीचे देणे आहे, फेडलेच पाहिजे, असे हे सांगतात. एका विद्वान गृहस्थांनी तर गीतेचा आधार दिला. दुसऱ्या अध्यायात 'स्मृतिभ्रंश' हा शब्द आहे. विषयांच्या ध्यासातून क्रोध, क्रोधातून मोह आणि मोहातून स्मृतिभ्रंश अशी ती साखळी आहे. तेव्हा तुमच्या मातोश्रींचा स्वभाव पूर्वी तापट होता काय, अशी त्यांनी चौकशी केली. गीतेचा असा उपयोग होताना पाहून आम्हांस लाज वाटली. गीतेतील तो स्मृतिभ्रंश म्हणजे शुद्धीवर असलेल्या माणसाने विकाराच्या भरात आपले कर्तव्य आणि शिकवण विसरणे. मेंदूच्या पेशी झडल्यामुळे ज्या बाईस स्नानगृहाची वाट आठवत नाही तिच्याशी त्या श्लोकाचा काही संबंध नाही. दोन निरनिराळ्या गोष्टींस मराठीत एकच नाव पडले, हा भाषेचा अपघात. त्या अपघातावर एका निरपराध म्हातारीचे चारित्र्य तोलणे हा मात्र अपघात नव्हे.

दुसरा वर्ग पुण्यवाद्यांचा. आमच्या बुवांचा समावेश यांत होतो. यांचा हेतू चांगला असतो हे आम्ही मान्य करतो. परंतु 'तुम्ही धन्य आहात' हे वाक्य ऐकणाऱ्यावर काय परिणाम करते याचा त्यांनी विचार केलेला नसतो. ज्यास धन्य म्हटले त्यास रडता येत नाही. देवघरात बसवलेल्या माणसास पाठ दुखते असे म्हणता येत नाही. स्तुती हा तोंड बंद करण्याचा फार सभ्य मार्ग आहे. शिवाय या स्तुतीची वाटणीही पाहावी: 'श्रावणबाळ' ही पदवी आम्हांस मिळते, जे सकाळी नऊस घर सोडतात आणि सायंकाळी सातास परत येतात, मधले दहा तास ज्या बाईने काढले तिला 'सूनबाईंचेही सहकार्य आहे हो' एवढे प्रशस्तिपत्र मिळते. हे प्रशस्तिपत्र आम्ही चार वर्षे निमूटपणे स्वीकारीत आलो. त्याची कबुली येथे दिल्यावाचून पुढे लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही.

तिसरा वर्ग संस्कृतिरक्षकांचा. 'आपल्यात आईबापांस बाहेर ठेवीत नाहीत' हे यांचे ब्रीद. पगारी बाई ठेवली तरी यांच्या भुवया उंचावतात. दिवसभराच्या देखभाल केंद्राचे नाव काढले तर संस्कृती बुडते. यांस आमचा प्रश्न साधा आहे. ज्या काळाचे दाखले आपण देता त्या काळी घरात एक म्हातारी आणि तिच्याभोवती तीन सुना, दोन विधवा नणंदा, चार नातवंडे आणि ओटीवर शेजारी होते. आज दिल्लीच्या तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी आणि एक सून आहे. पंधरा माणसांचे ओझे एका माणसावर लादून त्यास परंपरा म्हणणे, हा परंपरेचा गौरव नव्हे. ती हिशेबातील लबाडी आहे. हिशेब तपासण्याचेच काम आम्ही करतो, म्हणून आम्हांस ती ओळखू येते.

आता पुंडलिकाकडे वळू. ज्या कथेचा आधार घेऊन हे सर्व सांगितले जाते ती कथा काय सांगते? प्रचलित कथेत आरंभीचा पुंडलिक पत्नीच्या नादी लागून आईबापांस छळतो. म्हणजे दोषाच्या वाट्यास पत्नी आहे. पुढे त्यास उपरती होते, सेवा सुरू होते आणि पत्नी कथेतून नाहीशी होते. म्हणजे श्रेयाच्या वाट्यास एकटा पुंडलिक. आईबापांचे पाय तो चेपीत होता. स्वयंपाक कोण करीत होते, हे कोणत्याही बुवांनी आजवर आम्हांस सांगितले नाही.

परंतु आमचे मुख्य म्हणणे दुसरेच आहे. या कथेत देव काय करतो ते पाहावे. तो दारात येतो. पुंडलिक मागे वळून पाहत नाही, वीट फेकतो, थांब म्हणतो. देव थांबतो. तो 'तू धन्य आहेस' म्हणत नाही. 'हे तुझे प्रारब्ध' म्हणत नाही. आपल्यासाठी सेवा सोडून ये असेही म्हणत नाही. दुसऱ्याच्या सोयीने, दुसऱ्याच्या दारात, गप्प उभे राहणे, एवढेच तो करतो. आपण सर्वांनी त्या कथेतून पुंडलिकाने कसे वागावे हे शिकलो. देवाने कसे वागावे हे शिकलो नाही. आणि सांत्वनास जाणारा मनुष्य त्या प्रसंगी पुंडलिकाच्या नव्हे, देवाच्या जागी असतो!

जनाबाईची कथा याहून स्पष्ट आहे. नामदेवांच्या घरची ती दासी. दळणकांडणाने हात सोललेले. लोकांनी शतकानुशतके प्रेमाने सांगितले ते असे की, विठोबा तिच्या घरी आला आणि तिच्यासमोर बसून त्याने जात्याचा खुंटा धरला. शेण्या वेचल्या, पाणी भरले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मराठी स्त्रियांनी पहाटेच्या अंधारात जात्यावर बसून ही कथा जपली. कारण आपणांस नक्की काय हवे आहे, हे त्यांस पक्के ठाऊक होते. त्यांस कष्टाचा महिमा सांगणारा देव नको होता. दुसऱ्या बाजूने खुंटा धरणारा हवा होता. दळण तेवढेच राहते. पण चार हातांचे जाते दोन हातांच्या जात्याहून हलके फिरते आणि ओवीही मग आपोआप सुचते. आध्यात्मिक आधाराची याहून चांगली व्याख्या आम्हांस कोणत्याही ग्रंथात आढळली नाही.

येथे आमचे काही बुद्धिवादी स्नेही म्हणतील की, मग अध्यात्म हा शब्दच टाकून द्या; चांगला वैद्य, पगारी बाई आणि पुरेशी झोप एवढे मागा. झोप आम्ही जरूर मागतो. परंतु त्यांच्या पक्षासही आम्ही मिळत नाही, याचे कारण आमच्याच घरी रोज सायंकाळी घडते. सूर्य कलला की आईची घालमेल सुरू होते. "मला घरी जायचंय," असे म्हणत ती दाराची कडी ओढते. घर म्हणजे कोणते? दिल्लीतले नव्हे, नाशिकचेही नव्हे. बहुधा ज्या घरात ती परकर नेसून वावरली ते. वैद्य या अस्वस्थतेस नाव देतात आणि कधी गोळीही देतात. परंतु अनेकदा असे होते की, पत्नी तिचा हात धरून रामरक्षा म्हणू लागते, आणि जिला आपल्या मुलाचे नाव आठवत नाही ती बाई दुसऱ्या चरणापासून सूर मिळवते, न अडखळता, शेवटपर्यंत. बालपणी घोकलेले, तालासुरात बसलेले पुष्कळदा शेवटपर्यंत टिकते हे शास्त्रासही मान्य आहे. त्या दहा मिनिटांत सून चोर नसते आणि सासू रुग्ण नसते, दोघी सारख्याच. पत्नी म्हणते, "तेवढ्या वेळात मला आई परत भेटतात." हा आधार कोणत्याही गोळीत नाही. म्हणून अध्यात्म टाका असे आम्ही म्हणत नाही. ते व्यासपीठावरून खाली उतरवा, असे म्हणतो.

आणि येथेच परप्रांतातील मराठी माणसाचा खास प्रश्न उभा राहतो. अनेक भाषा बोलणाऱ्या माणसास हा रोग झाला की बहुधा मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते आणि बालपणीची मागे उरते. आमची आई वीस वर्षे दिल्लीत उत्तम हिंदी बोलली. भाजीवाल्याशी भांडण्याइतकी उत्तम. आज ती हिंदी गेली. आम्ही ठेवलेली पगारी बाई मायाळू आहे, पण ती झारखंडची. तिने 'पानी' म्हटले तर कळते, 'कंघी करूँ?' म्हटले की आई घाबरते. तिची दुनिया आता शंभरएक मराठी शब्दांएवढी उरली आहे, आणि ते शब्द या अफाट शहरात बोलणार कोण? पुण्या-मुंबईत तिला रस्त्यावरच्या आवाजांतूनही मराठी ऐकू आली असती. येथे ती मिळण्याचे ठिकाण एकच: आपण, वाचकहो! आपली मंडळे, आपली भजनी मंडळे, हळदीकुंकवे, हे मासिक वाचणारी आपली घरे. मराठी भाषेच्या रक्षणार्थ आपण ठराव करतो, दिवस साजरे करतो. एका विझत चाललेल्या मेंदूत शेवटची भाषा म्हणून मराठी तेवते आहे आणि तिच्याशी बोलायला कोणी येत नाही, याहून भाषारक्षणाचे निकडीचे काम आम्हांस ठाऊक नाही.

सरकारी नोकरांसाठी लिहितो आहोत, तेव्हा नियमांबद्दलही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. अपत्यसंगोपनासाठी केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांस, आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या पुरुषांसही, संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची रजा आहे. ती योग्यच आहे. आईबापांसाठी अशी स्वतंत्र रजा नाही. २०२५ च्या जुलै महिन्यात राज्यसभेत हा प्रश्न निघाला तेव्हा वर्षाची ३० दिवसांची अर्जित, २० दिवसांची अर्धवेतनी, ८ दिवसांची नैमित्तिक रजा आणि २ ऐच्छिक सुट्या वृद्ध आईबापांच्या देखभालीसाठीही घेता येतात, असे उत्तर मिळाले. मात्र ८ ऑक्टोबर २०१८ चे एक कार्यालयीन ज्ञापन आहे. विनिर्दिष्ट अपंगत्व असलेल्या आईबापांची मुख्य देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यास प्रशासकीय अडचणींच्या अधीन राहून नेमाच्या बदलीतून सूट मिळण्याची त्यांत सोय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत डिमेन्शियाचे नाव नाही. परंतु मानसिक आजाराच्या तेथील व्याख्येत स्मृती व भान यांच्या गंभीर बिघाडाचा अंतर्भाव आहे. आपल्यांपैकी कित्येकांस ही गोष्ट माहीत असेल. ज्याच्या घरी ही आपत्ती आहे त्यास ती बसून समजावून देणे, त्याचा अर्ज लिहून देणे, हेही आमच्या मते खुंटा धरणेच होय. प्रत्येक संताने आपला व्यवसायच भक्तीस लावला. आपला व्यवसाय टिपणी लिहिण्याचा आहे.

तर मग मागणे काय? मागणे अगदी लहान आहे. प्रत्येक मंडळाने आपल्या सभासदांत अशी घरे किती आहेत याची यादी करावी. ती गुप्त ठेवावी, कारण या आजाराची लोकांस अजून लाज वाटते. मग ज्यांस शक्य आहे त्यांनी आठवड्याला दोन तास द्यावेत. दोघांनी जावे: एकाने म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे, त्याच्याशी मराठीत बोलावे, श्लोक म्हणावे, जुने नाट्यपद लावावे, काही सुचले नाही तर डाळ निवडावी, दुसऱ्याने घरच्या बाईस घराबाहेर न्यावे अथवा तिला खुशाल झोपू द्यावे. ती बोलली तर ऐकावे. ती 'कंटाळले' म्हणाली तर 'असे म्हणू नये' असे म्हणू नये. भजनी मंडळाने महिन्यातून एक भजन सभागृहाऐवजी अशा घरी करावे. टाळ हळू वाजवावेत, पाऊण तासात आटोपावे आणि चहाची अपेक्षा ठेवू नये. महिन्यातून एकदा अशा घरांतील देखभाल करणाऱ्यांनीच एकत्र बसावे. त्या बैठकीत प्रवचनकारास बोलावू नये; बोलावलेच तर श्रोता म्हणून बोलवावे.

हे स्वप्नरंजन नव्हे. केरळात गेली पंचवीस-तीस वर्षे गावोगावचे साधे लोक, शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी, थोडे शिक्षण घेऊन आठवड्याचे काही तास असाध्य रोग्यांच्या घरी जातात; १९९३ साली कालिकतमध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेच्या कामातून ही चळवळ वाढली आणि २००८ साली त्या राज्य सरकारने तिच्यासाठी धोरणही आखले. डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी अखिल भारतीय संस्था १९९२ साली उभी राहिली, तीही केरळातच. मल्याळी माणसास जे जमते ते ज्ञानोबा-तुकोबांचे नाव उठता-बसता घेणाऱ्यांस जमू नये काय?

'आमची दर तीन वर्षांनी बदली होते, आम्ही कसली जबाबदारी घेणार?' असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. त्यास उत्तर असे की, बदली होणाऱ्या माणसासच ही गरज अधिक ठाऊक असली पाहिजे. आज आपण ज्या शहरात दुसऱ्याच्या आईजवळ बसाल, त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या शहरात आपल्या आईजवळ कोणी तरी बसलेले असावे, अशी ही परस्परांची व्यवस्था आहे. फिरत्या माणसांचा गाव असाच वसतो.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: 'तेथे जाऊन काय बोलावे ते सुचत नाही.' सुचू नये हेच उत्तम. शेजारच्या पंजाबी बाईंस दहाच शब्द येतात, आणि ते पुरतात.

येत्या आषाढीस पुन्हा प्रवचन होईल. बुवा पुंडलिकाची कथा रसाळपणे सांगतील आणि सभागृह भरेल. आमची पत्नी येणार नाही. तिने आम्हांस सांगून ठेवले आहे की, त्या संध्याकाळी पंजाबी बाईंच्या सासूबाईंजवळ बसण्याची पाळी तिची आहे. त्यांसही अलीकडे घराची वाट आठवेनाशी झाली आहे. आईस आम्ही सांभाळणार आहोत, एकटे, पूर्ण तीन तास. त्या तीन तासांत आमच्या दारावर कोणी थाप मारली तर आम्हांस आनंद होईल. मात्र येणाऱ्याने हात मोकळे ठेवून यावे. जाते चालू असेल.